काळ्या लोकरीच्या गाठी

माणदेशात मेंढरांमागे जन्म घालवलेला एक वृद्ध होता आणि त्याच्या हाताखाली एकदा एक मुलगी शिकत होती.

पावसाळा सरला की तो वृद्ध आपले बिऱ्हाड घोडीवर लादून कळपासह निघे आणि पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी परत येई. बोलणे थोडे, हसणे त्याहून थोडे. मुलगी त्याच्या थोरल्या भावाची नात. शाळेला सुट्टी लागली की ती कळपाबरोबर चालायची. मेंढीचा कान तापलेला लागला तर काय समजावे, लंगडणारा पाय कुठे दाबून पाहावा, अडलेले कोकरू कसे सोडवावे, हे ती त्याच्याकडून शिकली. त्याने तिला कधी शाबासकी दिली नाही. चुकली तर तेवढे सांगायचा. तो काही बोलला नाही, म्हणजे बरोबर झाले, असे ती धरून चालायची.

पुढे तिला मोठ्या शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरकीच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. त्या कुळातून असे शिकायला कुणी गेले नव्हते. वसतिगृहात खोलीही मिळाली. खोलीची अट मात्र कडक होती. पहिल्या सहामाहीत जी नापास होईल तिने खोली रिकामी करायची, कारण खोलीसाठी थांबलेल्या मुली पुष्कळ होत्या. शहरात मुलीच्या ओळखीचे एकही घर नव्हते. खोली गेली की शिक्षण गेले. हे तिला ठाऊक होते आणि घरच्या सर्वांनाही.

मुलीच्या मामाचे तालुक्याच्या गावी विजेच्या सामानाचे आणि मोबाइलचे दुकान होते. भाचीवर त्याची माया फार. ती निघणार त्याच्या आदल्या दिवशी तो एक भली मोठी पिशवी घेऊन घरी आला आणि अंगणात घोंगडीवर एकेक वस्तू मांडू लागला. टॅब, टेबलावरचा दिवा, पाणी उकळायची विजेची किटली, पॉवर बँक, गाणी वाजवायचा स्पीकर, मनगटावरचे स्मार्ट घड्याळ, भिंतीवर सिनेमा दाखवणारा छोटा प्रोजेक्टर, रंग बदलणारी दिव्यांची पट्टी, खोलीत सुवास सोडणारे एक यंत्र. शेवटी त्याने डोक्याला पट्ट्याने बांधायची एक बॅटरी काढली.

मुलीची आई हसली. "आरं दादा, ही काय खाणीत उतरणार हाय का?"

"असू दे गं. दुकानात पडूनच होती," मामा म्हणाला. "वस्तू चांगली हाय. कुठं ना कुठं लागंल."

वृद्ध ओट्यावर बसून चातीवर काळी लोकर कातत होता. त्याने हात न थांबवता विचारले, "ते भिंतीवर सिनेमा लावायचं कशापायी?"

"आबा, काळ बदललाय. तिथं पोरी कुठनं कुठनं आलेल्या असत्यात. आपली पोर कुणापेक्षा कमी दिसाय नको."

"दिसाय," वृद्ध म्हणाला.

"म्हंजे?"

"काय न्हाई. पुढं मांड."

"मांडून झालं की आबा! आता तुमची घोडी तेवढी राहिली पिशवीत घालायची."

वृद्धाने चाती बाजूला ठेवली. तो उठला, घोंगडीजवळ बसला आणि कातलेल्या काळ्या दोऱ्याने प्रत्येक वस्तू वेगळी बांधू लागला. दिव्याला एक गाठ. किटलीला एक गाठ. टॅबला आडवा-उभा दोरा घालून एक गाठ. कुणाला काही सांगितले नाही. सगळे बांधून झाल्यावर तो मुलीला म्हणाला, "ह्या गाठी सोडता येत्यात. तुला पुन्हा बांधता यायच्या न्हाईत. दिवाळीच्या सुट्टीला येशील तवा सगळं घेऊन ये. मी बघीन."

मामाला हा प्रकार चमत्कारिक वाटला. मुलीला वाटला नाही. तिला ती रीत माहीत होती.

बिऱ्हाड निघताना त्या मेंढपाळांत प्रत्येक जिन्नस लोकरीच्या दोऱ्याने वेगळा बांधतात. वाटेत जो लागेल त्याची गाठ सुटते. काही मुक्काम झाले की घरातले जाणते माणूस घोडीच्या ओझ्यावरून हात फिरवते. ज्याची पहिली गाठ अजून तशीच आहे, तो जिन्नस वाटेवरच्या ओळखीच्या घरी ठेवून देतात आणि परतताना उचलतात. घोडी मुकी असते. ओझे झाले हे ती सांगत नाही. ते दुसऱ्या कुणीतरी पाहावे लागते.

रीत मुलीला माहीत होती, पण तिचा अर्थ तिने आपल्या मनाने लावला. आबांना मामाचे सामान आवडलेले नाही, हे तिने पाहिले होते. पोर शहरात जाऊन बिघडते की काय, हे ते पाहणार, असे तिने ठरवले. मग आपण अशा राहू, की दिवाळीत आबांचा हात फिरेल तेव्हा एकही गाठ सुटलेली नसेल. कदाचित त्या दिवशी ते शाबास म्हणतील.

*

वसतिगृहातल्या खोलीत तिच्याबरोबर नांदेडकडची एक मुलगी होती. नाव श्रावस्ती. बोलायला मोकळी, हसायला त्याहून मोकळी. पहिल्याच दिवशी खाटेखालची पिशवी उघडी दिसली, तसे तिने विचारले, "हे काय गं? सगळ्याला काळे दोरे? नजर लागू नये म्हणून?"

"नाही. आमच्या आबांनी बांधलेत."

"मग सोड की."

"नाही सोडायचे."

"नवसाचं सामान आहे म्हण की! उद्यापासून खोलीत अगरबत्ती लावते मी."

ती गोष्ट मजलाभर झाली. मुली मुद्दाम येऊन पिशवीत डोकावून जात. एकीने किटलीला हात जोडले. सगळ्या हसल्या. मुलगी हसली नाही. मान मात्र ताठ केली. या सगळ्यांना वस्तूंशिवाय चालत नाही, आपल्याला चालते, असे तिला आतून वाटले, आणि ते वाटणे तिला फार आवडले.

दिवस जाऊ लागले. शिकवणे इंग्रजीत होते. हाडांचा विषय शिकवणाऱ्या बाई वर्गात भरभर बोलत आणि प्रत्येक हाडाची चित्रे नावांसह मुलींच्या फोनवर पाठवत. मुलीजवळ घरी बोलण्यापुरता बटणांचा फोन होता. चित्रे पाहायची तर टॅब हवा, आणि टॅबला काळी गाठ होती. श्रावस्ती म्हणाली, "माझ्या फोनवर बघ ना. मी काय भाडं मागते का?" मुलीने मान हलवली. जिने स्वतःचे उघडले नाही, तिने दुसरीचे का मागावे? खोलीतला दिवा उंच आणि मंद होता. ती ओसरीत जाऊन तिथल्या दिव्याखाली उभ्याने वाचायची. डोळ्यांतून पाणी यायचे. ते पुसून ती पुन्हा वाचायची.

दिवाळीपूर्वी चाचणी झाली. हाडांच्या विषयात ती नापास झाली. जी मुलगी डोळे मिटून मेंढीचे प्रत्येक हाड चाचपून दाखवू शकत होती, तिला त्याच हाडांची कागदावरची नावे आली नाहीत. वसतिगृहाच्या बाईंनी बोलावून सांगितले, "ही नुसती चाचणी होती. सहामाहीत असंच झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही. तुझ्या जागेवर दुसरी मुलगी येईल."

खोलीवर आल्यावर श्रावस्तीने विचारले, "आता तरी सोडशील?"

"दिवाळीला जायचंय," मुलगी म्हणाली. "इतके दिवस राहिल्या. आता नाही सोडत."

*

दिवाळीच्या सुट्टीत कळप घाटाच्या अलीकडे एका शेतात बसला होता. पीक निघालेले, रान मोकळे. शेतकऱ्याला खत हवे म्हणून त्यानेच मेंढरे बसवायला बोलावले होते. मुलगी एसटीतून उतरली आणि पिशवी खांद्यावर टाकून बांधावरून चालत आली. दिवस मावळायला आला होता. रात्रीसाठी कुंपणासारखे वाघरीचे जाळे उभे राहिले होते, मेंढरे आत शिरत होती. घोडीवरचे ओझे नुकतेच खाली उतरले होते.

आज्जीने, म्हणजे वृद्धाच्या बायकोने, तिच्या गालावरून हात फिरवून बोटे मोडली. "वाळलीस गं. तिथं खायाला घालत्यात का नुसतंच शिकवत्यात?"

मुलगी सरळ वृद्धापुढे गेली, पिशवी खाली ठेवली आणि म्हणाली, "आबा, बघा. एकही गाठ सोडली नाही."

वृद्धाने हात फिरवला. दिव्यावरून, किटलीवरून, टॅबवरून. प्रत्येक गाठ त्याच्या बोटांनी ओळखली.

"चाचणी झाली म्हनं तुमची?"

मुलीने खाली पाहिले. "हाडांच्या विषयात नापास झाले."

"हाडांच्या?"

"नावं सगळी इंग्रजी आहेत, आबा. बाई चित्रं पाठवतात. ती या टॅबवर बघायची असतात."

"ह्या पाटीवर?"

"हो."

"आन् पाटी बांधलेली."

"तुम्हीच बांधली होती."

वृद्ध उठला आणि बायकोला म्हणाला, "आज ओझ्यातली एकबी गाठ सोडायची न्हाई."

आज्जी चुलीसाठी दगड मांडत होती. ती तशीच थांबली. "आन् तवा?"

"बांधलेला हाय. ऱ्हाऊ दे."

"पीठ?"

"ऱ्हाऊ दे."

"मग भाकरी काय तुमच्या टकलावर थापू? पोर लांबनं आलीया, उपाशी हाय. काय भूत शिरलं का ह्या वयात?"

"शिरलं म्हन."

"घोंगडी तरी सोडा! दव पडाय लागलंय."

"एकबी न्हाई म्हनालो."

आज्जी पुटपुटत दगडावर बसली. मुलगीही बसली. गार वारा सुटला. हाताच्या अंतरावर तवा होता, पीठ होते, घोंगड्या होत्या, सगळे व्यवस्थित बांधलेले. तिघे त्या ओझ्याभोवती उपाशी आणि कुडकुडत बसून होती. हे काय चालले आहे ते मुलीला कळेना. आबा रागावले की आपली परीक्षा घेत आहेत? विचारायचे धाडस झाले नाही.

इतक्यात वाघरीतून एक वेगळाच आवाज आला. घोगरा, तुटका. तिघांनाही तो आवाज ठाऊक होता. एक मेंढी कळपापासून दूर कोपऱ्यात जाऊन आडवी झाली होती आणि मागचे पाय झाडत होती. वृद्ध आणि मुलगी तिच्याकडे गेली. कोकराचे तोंड आणि एकच पाय बाहेर दिसत होता. दुसरा पाय आत मागे दुमडलेला. कोकरू अडले होते. मेंढी जोर करत होती आणि दर वेळी तिचा जोर कमी पडत होता.

वृद्धाने आपले हात पुढे केले आणि मागे घेतले. त्या हातांची बोटे आता जाड झाली होती आणि कापत होती. गेल्या हंगामापासून त्याने हे काम सोडले होते.

"तुझाच हात जाईल," तो म्हणाला.

उजेड वेगाने कमी होत होता. मुलगी ओझ्याकडे धावली. तेलाच्या डब्याची गाठ तिने दातांनी तोडली. घोंगडीचा दोरा ओढून तोडला. मग पिशवीत हात घातला, डोक्याची ती बॅटरी काढली, तिचा काळा दोरा एका झटक्यात तोडून फेकला आणि पट्टा कपाळावर चढवला. परत येऊन गुडघ्यांवर बसली. हाताला तेल लावले. दिव्याचा उजेड नेमका तिच्या हातावर पडत होता, आणि दोन्ही हात मोकळे होते.

"आधी आत ढकल," वृद्ध म्हणाला.

"ढकलते."

"घाई नको. ती कळ देईल तवा थांब."

"थांबले. आबा, गुडघा लागला."

"खूर मुठीत धर. न्हाईतर आत फाटंल."

"धरला... आला. आला पाय."

पुढची कळ आली तसे कोकरू सुटले आणि गवतावर पडले. हालचाल नाही. मुलीने त्याच्या नाकातोंडातले चिकट पाणी बाहेर काढले, मागचे पाय धरून झुलवले, घोंगडीच्या टोकाने छाती चोळली. आज्जीने देवाचे नाव घेतले. मग कोकरू शिंकले. मेंढीने मान वळवली आणि त्याला चाटू लागली.

मुलगी तशीच बसून राहिली. तिचे हात रक्ताने आणि तेलाने माखले होते. कपाळावर दिवा जळत होता.

वृद्धाने गवतातून तुटलेला काळा दोरा उचलला. "गाठ सोडू नको म्हनालो होतो."

मुलीने दचकून पाहिले. तिच्या ते ध्यानातच नव्हते.

"तोडताना माझी आठवण झाली?"

"नाही."

"मामाची?"

"नाही."

"मग काय दिसलं?"

"मेंढी," ती म्हणाली.

वृद्ध तिच्याजवळ बसला. एरवी तो इतके बोलत नसे, पण त्या संध्याकाळी बोलला.

"पोरी, मामानं ह्या वस्तू दिल्या त्या लोकांनी बघाव्यात म्हणून. तू त्या बांधून ठेवल्यास मी बघावं म्हणून. त्यानं मिरवायला दिल्या, तू न वापरता मिरवल्यास. कामाकडं कुणीच बघितलं न्हाई. तुझी हाडं तिथं पाटीत अडकून पडली हुती, आन् तू गाठ सांभाळत बसलीस. मी गाठ बांधली ती अडवायला न्हाई. सोडताना हात जरा थांबावा म्हणून. थांबून बघायचं, समोर काय पडलंय? काम पडलं असंल तर दातानं तोड. कुणी बघतंय म्हणून हात पुढं जात असंल, तर ऱ्हाऊ दे. आन् कुणी बघतंय म्हणून हात मागं येत असंल, तर ती गाठ सगळ्यात आधी सोड."

मुलीने विचारले, "मी उठले नसते तर? मेंढीला तसंच सोडलं असतं?"

"खुळी का काय," वृद्ध म्हणाला. "तू न्हाई तर मीच तोडली असती. धडा शिकवायला कुणी मेंढी मारतं व्हय?"

मागून आज्जीचा आवाज आला. "झालं असंल तुमचं, तर मी आता तवा सोडतीया. का त्यालाबी मेंढी अडायला पायजे?"

त्या रात्री भाकरी झाली आणि प्यायला हुलग्याचे गरम माडगेही झाले. मुलगी परत निघाली तेव्हा तिने डोक्याची बॅटरी पिशवीत घातली नाही. ती घोडीच्या ओझ्यावर ठेवून आली.

*

वसतिगृहात पोहोचल्यावर हातपाय धुवून ती खाटेवर बसली आणि टॅब मांडीवर घेतला. काळ्या गाठीवर बोट ठेवून क्षणभर थांबली. समोर हाडे होती. तिने गाठ सोडली.

"अगं बाई!" श्रावस्ती ओरडली. "फिटला का नवस?"

"फिटला. ये, मला हे लावायला शिकव."

त्याच आठवड्यात दिव्याची गाठ सुटली, कारण डोळ्यांतून पाणी येत होते. किटलीची सुटली ती श्रावस्तीला ताप चढला त्या दिवशी. खाणावळ बंद झाली होती आणि गरम पाणी कुठे मिळेना. पॉवर बँक वीज गेली तेव्हा उपयोगी पडली. शेजारच्या खोलीने भिंतीवर रंगीत दिव्यांची पट्टी लावली, त्या दिवशी मुलीचाही हात पिशवीत गेला. पट्टी हातात आली. ती थांबली. समोर काम काही नव्हते, फक्त शेजारची भिंत होती. तिने पट्टी परत ठेवली. घड्याळ, प्रोजेक्टर आणि सुवासाचे यंत्र तर तिच्या आठवणीतही राहिले नाहीत.

सहामाही झाली. ती पहिली आली नाही. दुसरीही नाही. पण सर्व विषयांत पास झाली, आणि हाडांच्या विषयात बाईंनी तिला उभे करून मेंढीच्या पुढच्या पायाची सगळी हाडे वर्गाला नावांसह सांगायला लावली. वसतिगृहाच्या बाई एवढेच म्हणाल्या, "खोली आहे तुझी. साफ ठेवत जा."

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती आधी मामाच्या दुकानात गेली आणि बांधलेल्या वस्तू तशाच त्याच्यासमोर ठेवल्या. मामाचा चेहरा उतरला. "आवडल्या न्हाईत व्हय?"

"आवडल्या. पण लागल्या नाहीत, मामा. ज्या लागल्या त्या ठेवल्यात. दिवा नसता तर डोळे गेले असते माझे, आणि टॅब नसता तर खोली."

मामा थोडा सावरला. वस्तू आत ठेवताना त्याने मोजून पाहिल्यासारखे केले. "आन् डोक्याची बॅटरी?"

"ती आबांकडं आहे."

"आबांकडं?" मामा मोठ्याने हसला. "सांग तुझ्या आईला! म्हनली, खाणीत उतरणार का म्हणून."

तिथून ती कळपाकडे गेली. बिऱ्हाड परतीच्या वाटेवर होते. दिवाळीतले कोकरू आता चांगले थोराड झाले होते आणि माणसाला न घाबरता अंगाशी येत होते. वृद्ध घोडीवर ओझे बांधत होता. मुलीने सुटलेल्या गाठींचे काळे दोरे त्याच्या हातात दिले. त्याने ते बोटांत धरून पाहिले.

"खोली?"

"राहिली."

"हा कशाचा?" त्याने एक दोरा वेगळा काढला.

"स्पीकरचा," ती अडखळत म्हणाली. "श्रावस्तीचा वाढदिवस होता. सगळ्या नाचलो. काम असं काही नव्हतं, आबा."

"तूबी नाचलीस?"

"हो."

"मग ठीक हाय," वृद्ध म्हणाला आणि पुन्हा ओझ्याकडे वळला.

मुलगी त्याच्या हाताकडे पाहू लागली. तवा, पीठ, घोंगड्या, सगळे त्याने नेहमीच्या घट्ट गाठींनी आवळले. डोक्याची बॅटरी मात्र सगळ्यात शेवटी घेतली आणि ओझ्याच्या माथ्यावर, हात सहज पोहोचेल अशा जागी बांधली. तिला घट्ट गाठ मारली नाही. एका ओढीत सुटेल अशी मारली. मग दोऱ्याचे टोक मुलीच्या हाताकडे वळवून सोडले आणि घोडीचा दोर धरून चालू लागला.

तो काहीच बोलला नव्हता. बरोबर झाले, हे तिला कळले. ती कळपामागून चालू लागली.

आपल्या घरात किती गाठी समोर पडलेल्या कामामुळे सुटल्या, आणि किती कुणाच्या डोळ्यांकडे पाहून सुटल्या किंवा बांधलेल्या राहिल्या, हे ज्याने त्याने एकदा हात फिरवून पाहावे.